सेट म्हणजे आधी बसवणे

प्रश्न : नातू सहावीत आहे, इंग्रजी माध्यमात. त्याने विचारलं, 'आजी, सेट म्हणजे काय?' मी म्हटलं, 'संच.' दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला. वहीत पाच वाक्यं होती : सूर्य सेट होतो, आई टेबल सेट करते, डॉक्टर हाड सेट करतात, जेली सेट होते, सर पेपर सेट करतात. माझा 'संच' एकाही ठिकाणी चालेना. एका शब्दाला इतके अर्थ कसे फुटतात, आणि मुलाला समजेल असं काय सांगू?
– एक आजी, मांजलपूर, बडोदे

उत्तर : ताई, तुमचं उत्तर चुकलेलं नाही. ते दुसऱ्याच 'सेट'चं उत्तर होतं. दिसायला हा एक शब्द असला, तरी तो मुळात दोन घरांतून आलेला आहे.

कपबश्यांचा सेट, दागिन्यांचा सेट, गणितातला सेट यांतलं नाम जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. त्याच्या मागे लॅटिनमधला 'सेक्टा' हा शब्द आहे. एखाद्याच्या मागोमाग चालणाऱ्यांचा मेळा, असा त्याचा अर्थ. पंथाला इंग्रजीत 'सेक्ट' म्हणतात तो शब्दही त्याच घरातला. तुमचा संच इथे अगदी बरोबर आहे. शाळेच्या गणिताच्या पुस्तकातही संचच म्हणतात.

वहीतल्या पाच वाक्यांत मात्र क्रियापद आहे, आणि ते अस्सल जुन्या इंग्रजीतलं, 'सेटान'. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसायला लावणे. मराठीत बसणे-बसवणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे अशा जोड्या आहेत, तशीच ही. मी बडोद्यात मराठी माध्यमाच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पहिली काही वर्षं मी मुलींकडून या शब्दाचे अर्थ पाठ करून घेत असे आणि परीक्षेपर्यंत त्या ते विसरत. मग एकदा फळ्यावर फक्त 'बसवणे' लिहिलं आणि विचारलं, आपण घरात काय काय बसवतो? गणपती बसवतो. घट बसवतो. अंगठीत खडा बसवतो. गॅदरिंगला नाटक बसवतो. पातळाला फॉल बसवतो. एक मुलगी म्हणाली, आजोबा हाडवैद्य आहेत, ते हाड बसवतात. मागच्या बाकावरून आलेलं ते उत्तर मला अजून आठवतं, कारण त्या क्षणी माझ्याही मनात शब्द जागेवर बसला. खडा, हाड या दोन्ही ठिकाणी इंग्रजीत 'सेट'च येतो. वस्तू तिच्या जागी आणून टेकवली आणि आता ती हलत नाही, हा त्या शब्दाचा गाभा.

आता वही पुन्हा उघडा. सूर्य सेट होतो तेव्हा तो स्वतःच खाली टेकतो. धूळ खाली बसते, गाळ बसतो, तसा दिवस बसतो. आपण 'मावळला' म्हणतो, कुणी 'बुडाला' म्हणतं. जेली सेट होते म्हणजे हलायची थांबते. दह्याच्या बाबतीत आपण 'लागलं' म्हणतो. टेबल सेट करणे म्हणजे पानं मांडणे. सर पेपर सेट करतात, कारण प्रश्न मुलांपुढे मांडायचे, ठेवायचे असतात. मराठीत पेपर 'काढतात'.

बसवण्यापासून जसजसं लांब जावं तसतसे नवे अर्थ मिळत जातात. भाव सेट करणे म्हणजे ठरवणे, कारण ठरलेली गोष्ट जागची हलत नाही. कवितेला चाल लावणे, गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे, या सगळ्यांना इंग्रजीत 'सेट' चालतो. पावसाची झड लागली तरी तोच शब्द, फक्त पुढे 'इन' जोडायचा. पुढे असा शेपटाचा शब्द लागला की गाडी कुठल्या कुठे जाते. कोर्टात निकाल 'सेट असाइड' झाला म्हणजे रद्द ठरला आणि 'सेट ऑफ' म्हणजे वजावट. कचेरीतल्या असल्या शब्दांसाठी सयाजीराव महाराजांनी एक मोठा कोश करवून घेतला होता, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू'. तो 1931 साली प्रसिद्ध झाला. एका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे प्रतिशब्द त्यात ओळीने मांडले आहेत. राज्यकारभार आपल्या भाषेत चालवायचा तर इंग्रजी शब्दाचा नेमका कोणता अर्थ इथे हवा आहे, हे आधी ठरवावं लागतं. बडोद्याने ते काम इतक्या आधी हाती घेतलं, याचा मला फार अभिमान वाटतो. शाळेतल्या मुलांना हा कोश एकदा तरी दाखवायला हवा.

अर्थ किती, असं नातू विचारेलच. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली वीस खंडांत आली. तिच्यातली सगळ्यात लांब नोंद याच क्रियापदाची होती. चारशे तीसच्या आसपास अर्थ आणि सुमारे साठ हजार शब्दांचा मजकूर! पुढे कोशाची नवी उजळणी सुरू झाली आणि 2011 साली 'रन' या क्रियापदाने 645 अर्थांसह पहिला नंबर पटकावला. हे आकडे ऐकून मूल घाबरलं, तर त्याच्यासमोर आपलं 'लावणे' ठेवा. दिवा लावतो, दारही लावतो. कुलूप लावतो, शिकवणी लावतो, रोप लावतो, विरजण लावतो. जीव लावतो, नाव लावतो, उशीर लावतो आणि भांडणही लावतो. यातलं काहीही त्याने पाठ केलेलं नाही, तरी त्याला सगळं येतं. 'सेट'ही असाच दहा-वीस वाक्यांतून अंगवळणी पडतो.

माझे वडील रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात जुळारी होते. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, उचलून स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या पट्टीत, एकेक अक्षर उलटं बसवत ओळ जुळवायची, हे त्यांचं काम. इंग्रजीत त्यालाही 'सेट' करणेच म्हणतात. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, पण ओळ पुरी झाली की अंगठ्याने दाबून बघत आणि म्हणत, 'बसली.'

प्रश्न : मी बडोद्याचा, नोकरीला पुण्यात. ऑफिसमध्ये म्हटलं, 'उद्याच्या मीटिंगचं सगळं गोठवून ठेवलंय.' सगळे हसले. आता मी 'सेट करून ठेवलंय' म्हणतो. पण आईला ते आवडत नाही. काय म्हणावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही म्हणालात ते बडोद्यात कुणालाही कळलं असतं. गुजरातीत 'गोठववुं' म्हणजे नीट रचून ठेवणे, जुळवाजुळव करणे. आपल्याकडच्या मराठी घरांत भांडी गोठवतात, कपाट गोठवतात, लग्नसुद्धा गोठवतात. पुण्याकडे मात्र गोठवणे म्हणजे बर्फ करणे. बँकेतली खाती गोठवतात ती त्याच अर्थाने. तुमच्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर थिजलेली मीटिंग आली असणार.

आईचं म्हणणं मला पटतं. गवंडी 'सिमेंट सेट झालं' म्हणतो तेव्हा तो शब्द नेमका असतो, तो बदलू नये. तिथे सेट होणं वेगळं आणि ताकद धरणं वेगळं. साध्या सिमेंटची सेट व्हायला सुरुवात तीस मिनिटांच्या आत होऊ नये, अशी मानकाची अट आहे. पुरती ताकद मात्र अठ्ठावीस दिवसांनी तपासतात. पण मीटिंग, प्रवास, कपाट, नोकरी, लग्न या सगळ्यांना एकच 'सेट' लावला, की मांडणे, जुळवणे, आखणे, ठरवणे, लावून ठेवणे हे पाच शब्द तोंडातून जातात आणि प्रत्येकाची वेगळी छटाही जाते. पुण्यात 'मीटिंगची सगळी तयारी करून ठेवलीय' म्हणा. घरी आल्यावर खुशाल गोठवा. तो शब्द बडोदेकरांनी टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : प्राध्यापकांची 'सेट' परीक्षा आणि आपला 'शेठ', यांचा या शब्दाशी काही संबंध?
– एक विद्यार्थिनी, सयाजीगंज

उत्तर : नाही. परीक्षेचं नाव आद्याक्षरांचं आहे, स्टेट एलिजिबिलिटी टेस्ट. शेठ आला संस्कृत 'श्रेष्ठी'वरून.

प्रश्न : इंग्रजी 'सिट' आणि संस्कृत 'सद्' हे सख्खे म्हणतात, ते खरं का?
– संस्कृतचे निवृत्त शिक्षक, कारेलीबाग

उत्तर : सर, खरं आहे. दोन्ही एकाच मूळ धातूची लेकरं आहेत. सदन, संसद, परिषद, उपनिषद या सगळ्यांत तेच बसणं आहे, आणि 'सेट'शी नेमका जुळणारा संस्कृतचा प्रयोजक 'सादयति', म्हणजे बसवतो. गंमत म्हणजे आपलं मराठी 'बसणे' या घरातलं नाही. ते 'उपविशति'वरून 'बैसणे' होत आलं. संतांच्या अभंगांत ते बैसणे जागोजाग भेटतं.

तुम्ही विचारलंत म्हणून एक आवडता शब्द सांगते, 'प्रसन्न'. तोही प्र आणि सद् यांतूनच आला. संस्कृतात पाण्यालाही प्रसन्न म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ नितळ असा असतो. पावसाळ्यात सुरसागरचं पाणी गढूळ होतं. पुढे गाळ हळूहळू तळाशी बसतो, आणि दिवाळीच्या सुमारास काठावरून बघावं तर वरचं पाणी निवळलेलं असतं. ते प्रसन्न.