दीड महिन्याचं कुत्र्याचं पिल्लू घरभर शू करतं, रात्री रडतं, हात चावतं. आत्ताच ट्रेनर लावू का?

ट्रेनरचे पैसे सध्या राहू द्या. या वयात लघवी धरून ठेवताच येत नाही, त्यात हट्ट वगैरे काही नसतो. ढोबळ हिशेब असा की जितके महिने वय, तितके तास. खेळात असेल तर तेवढेही नाहीत.

आमची चिंगी (गावठीच, रस्त्यावरून उचललेली) आली तेव्हा पहिला आठवडा मी फडकं घेऊन तिच्यामागे फिरत होतो. मग लक्षात आलं, बाईसाहेबांच्या वेळा ठरलेल्या आहेत. झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, आणि खेळता खेळता मध्येच जमीन हुंगत गोल फिरायला लागली की. तेव्हाच उचलून बाल्कनीतल्या वर्तमानपत्रावर ठेवायचं. झालं की तिथल्या तिथे शाबासकी आणि चण्याएवढा चिकनचा तुकडा. दोन मिनिटांनी दिलात तर कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही. आधीच्या ओल्या कागदाचा कपटा नव्याखाली सारून ठेवा, वासावरून जागा ओळखतं. घरात झालेलं मात्र व्हिनेगर-पाण्याने पुसा. फिनाईल नको, पिल्लं फरशी चाटतात. शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून मी एकदा तिचं नाक शूमध्ये घासलं होतं. त्यानंतर ती सोफ्यामागे लपून करायला लागली, एवढाच फायदा.

रात्री रडतं कारण कालपर्यंत ते भावंडांच्या ढिगात झोपत होतं. त्याचं खोकं तुमच्या अंथरुणाशेजारी ठेवा, हात खाली सोडून झोपा. मध्यरात्रीचा एक गजर लावावा लागेल, इलाज नाही.

चावायला लागलं की ओरडू नका, हात काढून घेऊन सरळ उठून जा. दुधाचे दात चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात, तेव्हा ओला पंचा गाठ मारून फ्रीजमध्ये गार करून द्या. रक्त आलं किंवा नुसतं खरचटलं तरी मात्र वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आमच्या आईने प्रेमाने दूध-पोळी घातली आणि चिंगीचं पोट दोन दिवस बिघडलं. बिनमिठाचा चिकन-भात बरा. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट अजिबात नाही.

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. जंताचं औषधही डॉक्टरांना विचारा. पार्वोच्या (पिल्लांना होणारा जीवघेणा, संसर्गजन्य जुलाब-उलट्यांचा आजार) भीतीने लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका, पण घरात कोंडूनही ठेवू नका. तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे पाहिलं-ऐकलं त्याची भीती पुढे कमी वाटते. मी चिंगीला पिशवीत घालून भाजी मंडईत, रिक्षा स्टँडवर, ढोल-ताशाचा सराव चालतो तिथे लांबवर उभा राहून फिरवलं. लोक हसायचे.

ट्रेनर लावायचाच तर लसी पूर्ण झाल्यावर. आणि त्याच्या हातात काठी दिसली तर दारातूनच परत पाठवा.