वर्षाचे धान्य भरावे, पण क्रेडिट कार्डावर नको

नाशिकच्या सिडकोतून एका भगिनींनी विचारले आहे : घरात पाच माणसे, यजमान अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर, हाती येणारा पगार 34,000 रुपये, महिन्याचा खर्च 30,000 आणि बँकेत शिल्लक 40,000. सासूबाईंचा आग्रह आहे की एप्रिलमध्येच वर्षाची बेगमी करून टाकावी. गहू, तूरडाळ, तांदूळ, तेल, साखर व कांदा मिळून यादी 35,000 रुपयांवर गेली आहे. त्यांपैकी 15,000 शिलकीतून काढावेत आणि 20,000 क्रेडिट कार्डावर घ्यावेत, हे योग्य होईल का?

नमस्कार ताई,

आपण यादीसोबत दुकानातले आणि हंगामातले घाऊक, असे दोन्हीकडचे भाव लिहून पाठवलेत, त्यामुळे हिशेब नेमका मांडता आला. कार्डावर काहीही घेऊ नये आणि संपूर्ण यादी एकदम भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र गव्हाच्या बाबतीत सासूबाईंचे म्हणणे अगदी बरोबर आहे.

आपल्या घरात महिन्याला 25 किलो, म्हणजे वर्षाला 300 किलो गहू लागतो. दुकानात तो 39 रुपयांनी पडतो आणि हंगामात पोत्याने घेतल्यास 33 रुपयांनी, म्हणजे वर्षाला 1,800 रुपये वाचतात. (दुकानातील पाच-दहा किलोच्या छापील पिशवीवर जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी आला, सुट्या धान्यावर तो नाही, फरकाचा काही भाग तिथलाच आहे.) त्यासाठी घातलेले 9,900 रुपये वर्षभर पूर्णपणे अडकून राहत नाहीत, कारण कोठीतला गहू दरमहा उतरत जातो आणि सरासरीने त्यातली निम्मीच रक्कम, म्हणजे पाच हजारांच्या आसपास, गुंतलेली असते. पाच हजारांवर वर्षात 1,800 रुपये कोणतीही मुदत ठेव देणार नाही.

हाच हिशेब कार्डावर उलटतो. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के धरले, तर 20,000 रुपयांवर पहिल्याच महिन्यात 700 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 826 रुपये होतात. दरमहा केवळ किमान रक्कम भरत राहिलात, तर गहू आणि डाळ मिळून होणारी वर्षाची 2,280 रुपयांची बचत तीन-चार महिन्यांतच व्याजात जाईल आणि डोक्यावर कर्ज तसेच राहील.

शिलकीचा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो. कंत्राटी काम असलेल्या घरात निदान तीन महिन्यांचा खर्च, आपल्या बाबतीत 90,000 रुपये, बाजूला असायला हवा. आपल्याकडे आज सव्वा महिन्याचाच आहे. त्यातून 15,000 काढले आणि जूनमध्ये शाळेची फी, गणवेश, दप्तरे समोर असताना काम थांबले, तर कोठीतल्या गव्हाने फी भरता येणार नाही.

म्हणून खरेदी दोन टप्प्यांत करावी. एप्रिलमध्ये 150 किलो गहू (4,950), सहा महिन्यांची 24 किलो तूरडाळ (2,760) आणि 40 किलो उन्हाळ कांदा (600), असे 8,310 रुपये लागतील. त्यांपैकी 4,000 महिन्याच्या शिलकीतून आणि फक्त 4,310 बँकेतून काढावेत. गहू आणि डाळ घरात आल्यावर किराण्याच्या बिलातून दरमहा 1,475 रुपये सुटतील, हे मात्र विसरू नये. मे महिन्यात हे सुटलेले पैसे आणि त्या महिन्याचे 4,000 मिळून उरलेला 150 किलो गहू येतो. जून ते ऑगस्ट हेच 1,475 रुपये पगाराच्याच दिवशी बँकेत परत टाकले, तर काढलेली रक्कम गणपतीपूर्वी भरून निघेल. ते इतर खर्चात मिसळू दिले, तर बचत कागदावरच राहील.

तेलाचे चार डबे घेऊ नयेत. भावात फरक नगण्य आहे आणि जुने तेल खवट होते. साखरही महिन्याच्या महिन्याला घ्यावी. तांदळाची घाई नको, कारण नवा भात दिवाळीच्या सुमारास निघतो. जानेवारीत इगतपुरीकडचा इंद्रायणी ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळाला तर पाहावा, आणि त्यासाठी सप्टेंबरपासून महिन्याला हजार रुपयांची आवर्ती ठेव सुरू करावी.

गहू घेताना मूठभर दाणे हातात घेऊन एक दाताखाली धरावा. तो कट्टकन तुटला पाहिजे. चेपला, तर ओल आहे, आणि असा गहू नाशिकच्या पावसाळ्यात टोके लागून जातो. वीस किलो गहू वाया गेला, तर बचतीतले 660 रुपये तिथेच संपतात. दोन दिवस गच्चीवर ऊन द्यावे, पूर्ण गार होऊ द्यावा, मगच कोरड्या कोठीत वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह भरावा आणि कोठी भिंतीपासून हातभर दूर, फळीवर ठेवावी. कांद्याचे 100 किलो आपण यादीत धरलेत ते मी 40 वर आणले, कारण दोन खोल्यांच्या घरात त्याला शेतातल्या कांदाचाळीसारखी खेळती हवा मिळत नाही. बाल्कनीत पातळ थर पसरून दर आठवड्याला सडका कांदा वेचून काढावा लागेल.