९० ते १६० किलोचे गिअरबॉक्स कामाच्या उंचीवर घेण्यासाठी पायाने पंप करायचे लिफ्ट टेबल पुरेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दुरुस्तीला येणारे ९० ते १६० किलोचे गिअरबॉक्स जमिनीवरून ८५ सेंटीमीटर उंचीच्या कामाच्या टेबलावर घ्यावे लागतात, छत हलके असल्यामुळे चेन पुली टांगता येत नाही, आजवर दोघे मिळून ते उचलत आला आहात आणि आता ३०० किलो क्षमतेचे, हाताने ढकलायचे व पायाने पंप करायचे लिफ्ट टेबल घेण्याचा विचार आहे. असे टेबल अवश्य घ्यावे, परंतु केवळ ३०० हा आकडा पाहून घेऊ नये. यंत्रांच्या देखभालीच्या कामात मी अशी टेबले बरीच वर्षे वापरली आहेत. भार वर चढवताना ती क्वचितच दगा देतात. खरी अडचण येते ती भार जमिनीवरून टेबलावर घेताना आणि टेबलावरून कामाच्या जागी सरकवताना. म्हणून टेबल निवडतानाही याच दोन क्षणांचा विचार आधी करावा आणि क्षमतेचा आकडा शेवटी पाहावा.

दोघांनी मिळून उचलण्याची पद्धत आता बंद करावी हे तुम्हालाही पटलेले दिसते, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या, १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार सर्व परिस्थिती अनुकूल असताना, म्हणजे वस्तू अंगालगत आणि हात जमिनीपासून ७५ सेंटीमीटर उंचीवर असताना, एका माणसाने उचलण्याची मर्यादा २३ किलो धरली जाते. वस्तू जमिनीवरून उचलायची असेल तर हीच मर्यादा १८ किलोच्या आत येते, आणि ती अंगापासून अर्धा मीटर दूर धरावी लागत असेल तर त्याच्याही निम्मी होते. तुमच्यातील प्रत्येक जण ८० किलोपर्यंतचा भार पेलतो आहे.

टेबलाची रचना समजून घेतली की पुढचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात. फळीखाली दोन्ही बाजूंना कात्रीसारखे, मधोमध पिनने जोडलेले पोलादी दांडे असतात. त्यांची एका बाजूची टोके पिनमध्ये पक्की असतात आणि दुसऱ्या बाजूची टोके छोट्या रोलरवर पुढेमागे सरकतात. दांड्यांना ढकलणारा रॅम तेलाच्या दाबावर चालतो आणि तो दाब पायाच्या पंपातून येतो. समजा, पंपाचा दट्ट्या १२ मिलिमीटर व्यासाचा आणि रॅम ४८ मिलिमीटर व्यासाचा आहे. व्यास चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळापट, त्यामुळे दट्ट्यावर जितका जोर पडेल त्याच्या सोळापट जोर रॅमवर मिळतो. याचा मोबदला अंतरात द्यावा लागतो. दट्ट्या ४० मिलिमीटर दाबला तर रॅम जेमतेम अडीच मिलिमीटर सरकतो, आणि रॅमची चाल १२० मिलिमीटर असेल तर पेडल ४८ वेळा दाबावे लागते. (याच तत्त्वावर जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले होते, या टेबलात त्याहून नवे असे फारसे काही नाही, आणि म्हणूनच ते साध्या हत्यारांनी दुरुस्त होते.) १५० किलोचा भार ५५ सेंटीमीटर वर चढवण्याचे काम ४८ दाबांत वाटले, तर घर्षण सोडून प्रत्येक दाबात पावणेदोन किलो वजन एक मीटर उचलण्याइतकेच काम होते. दिवसातून आठ-दहा वेळा भार चढवायचा असेल तर पायाचा पंप पुरेसा आहे. हीच संख्या तीस-चाळीसवर जात असेल तर विजेवर चालणारे टेबल पाहावे, कारण कंटाळलेला माणूस शेवटचे दहा दाब मारत नाही आणि टेबल कमी उंचीवर ठेवूनच भार ओढू लागतो.

आता कात्रीचे गणित. दांडा ८०० मिलिमीटर लांबीचा धरला आणि त्याच्या दोन टोकांमधील उभे अंतर १५० मिलिमीटर असले, तर आडवे अंतर ७८६ मिलिमीटर भरते. या स्थितीत रॅम आडवा लावलेला असता, तर भाराच्या पाचपटींहून अधिक जोर लागला असता. उभे अंतर ७०० मिलिमीटर झाले की आडवे अंतर ३८७ मिलिमीटर उरते आणि तो जोर भाराच्या निम्म्याहून किंचित अधिक एवढाच राहतो. रॅम तिरका बसवून हा फरक बराच कमी केलेला असतो, तरीही पहिले पाच-सात दाब जड आणि वरचे हलके लागतात, ते यामुळेच. पेडल सुरुवातीला जड लागले म्हणजे पंप बिघडला, असे समजू नये.

याच गणितातून निघणारी दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती माहितीपत्रकात सहसा ठळकपणे दिलेली नसते. टेबल वर जाताना रोलरकडची टोके जवळजवळ ४० सेंटीमीटर आत सरकतात. फळी मात्र आहे तेवढीच लांब राहते. म्हणजे पूर्ण उंचीवर फळीची एक बाजू पिनवर भक्कम टेकलेली असते आणि रोलरकडची बाजू अधांतरी पुढे आलेली असते. त्या बाजूच्या टोकावर गिअरबॉक्स आला की फळी त्या दिशेला झुकू पाहते, दांड्यांना पीळ बसतो आणि पलीकडच्या पिनांवर उलटा ताण येतो. टेबल आणल्यावर आधी वाकून पिनची बाजू कोणती ते पाहावे, त्या बाजूवर रंगाने खूण करावी आणि भार चढवणे-उतरवणे शक्य तोवर त्याच बाजूने करावे.

क्षमतेच्या आकड्याचा अर्थही येथेच स्पष्ट होतो. ३०० किलो ही क्षमता फळीवर सर्वत्र सारख्या पसरलेल्या भारासाठी असते. भार फळीच्या लांबीच्या एकाच अर्ध्या भागात असेल तर साधारणतः निम्मी, आणि रुंदीच्या एकाच अर्ध्या भागात असेल तर एक तृतीयांश क्षमता धरतात. १६० किलोचा गिअरबॉक्स सरकवताना काही क्षण तरी तो एका टोकाला येणारच, आणि त्या क्षणी ३०० किलोच्या टेबलाची क्षमता १५० किलोच उरते. म्हणून तुमच्यासाठी ५०० किलोचे टेबल योग्य ठरेल. त्याची फळी साधारण ८० ते ८५ सेंटीमीटर लांब आणि ५० सेंटीमीटर रुंद असते. तुमच्या सर्वांत मोठ्या गिअरबॉक्सचे पाय त्यात पूर्ण मावतात का, ते आधी मोजून घ्यावे. सर्वांत वरची उंची ९० सेंटीमीटरच्या आसपास मिळते, म्हणजे तुमच्या ८५ सेंटीमीटरला पुरते. मात्र अगदी ८५ वरच थांबणारे टेबल घेऊ नये. त्याचे कारण पुढे येईल.

खरेदी करताना बहुतेकांच्या नजरेतून सुटते ती सर्वांत खालची उंची. चाके, सांगाडा, पंप आणि मिटलेली कात्री यांमुळे ३०० किलोचे टेबल साधारण २८ ते ३० सेंटीमीटरखाली आणि ५०० किलोचे साधारण ३४ सेंटीमीटरखाली जात नाही. ‘जमिनीवरून उचलणारे’ टेबल प्रत्यक्षात गुडघ्याच्या जरा खालून उचलते, आणि पहिली ३४ सेंटीमीटर उंची तुमच्या पाठीवरच राहते. यावरचा माझा उपाय असा, की जड वस्तू मुळात जमिनीवर ठेवूच नये. टेबलाच्या खालच्या उंचीपेक्षा दोन-तीन मिलिमीटरच उंच असा भक्कम लाकडी किंवा अँगलचा चौथरा करून घ्यावा आणि गाडीतून उतरवतानाच गिअरबॉक्स त्यावर ठेवण्याची शिस्त लावावी. जमिनीवर आलेला एखादा नग चढवायचाच असेल, तर पहारीने एक बाजू थोडी उचलून खाली ठोकळा सारायचा, मग दुसरी बाजू, मग पुन्हा पहिली, असे थरावर थर देत वर यावे. प्रत्येक थरातील ठोकळे आधीच्या थराला आडवे ठेवावेत. पहार दाबणाऱ्याने ठोकळा सारू नये आणि ठोकळा सारणाऱ्याने तो बोटांनी नव्हे, दुसऱ्या लाकडाने ढकलावा. हे काम वेळखाऊ आहे, हे मान्य. पण त्या कंटाळ्यामुळेच चौथरा लवकर तयार होतो.

आता सरकवण्याचा क्षण. काही वर्षांपूर्वी आम्ही ११० किलोचा एक गिअरबॉक्स कामाच्या टेबलावरून लिफ्ट टेबलावर परत घेत होतो. ब्रेक लावलेले होते, उंची जुळवलेली होती, दोघे जण ओढत होतो. गिअरबॉक्स निम्मा अलीकडे आला आणि लिफ्ट टेबल आवाज न करता मागे सरकले. मधली फट बोटभर होती ती चार बोटे झाली, गिअरबॉक्सचा एक पाय तिच्यात उतरला आणि तो माझ्या बाजूला कलला. मी सवयीने हात पुढे केला. सहकाऱ्याने माझी बाही धरून मला मागे खेचले. गिअरबॉक्स तसाच तिरका अडकून राहिला, पडला नाही. माझा हात त्या फटीत असता तर काय झाले असते, हे तेथे पडलेल्या वॉशरची अवस्था पाहून समजले.

चूक ब्रेकची नव्हती. अशा टेबलांना दोन चाके स्थिर आणि दोन फिरती असतात आणि ब्रेक बहुधा फिरत्या दोन चाकांनाच असतो. भार ज्या दिशेने ओढला जातो त्याच दिशेने घर्षण त्याच्याखालची फळीही ओढते. लिफ्ट टेबलावरून कामाच्या टेबलाकडे ढकलताना यामुळे दोन्ही एकमेकांना चिकटतात, पण उलट्या दिशेने ओढताना लिफ्ट टेबल दूर पळते. म्हणून दोन्ही टेबलांना जोडणारी कडी किंवा साखळी लावल्याशिवाय भार हलवू नये. आम्ही लिफ्ट टेबलाच्या फळीच्या दोन कोपऱ्यांखाली आकडे वेल्ड करून घेतले आणि कामाच्या टेबलाला दोन छोट्या साखळ्या बांधल्या. चाकांखाली पाचरी मारल्या तरी चालते, परंतु पाचर विसरली जाते. साखळी डोळ्यांसमोर लोंबत असते.

उंची जुळवण्यातही दिशेचा विचार करावा लागतो. लिफ्ट टेबलावरून भार पुढे देताना भाराखालची कड दबते, कारण पिनांमध्ये थोडी ढिलाई असते आणि चाकांचे रबरही दबते. म्हणून देणारे टेबल घेणाऱ्या टेबलापेक्षा तीन ते पाच मिलिमीटर उंच ठेवावे, आणि परत घेताना लिफ्ट टेबल तेवढेच खाली ठेवावे. वरच्या उंचीत थोडी जागा शिल्लक असावी, असे मी म्हटले ते यासाठी. फळीवर गुळगुळीत पत्रा किंवा नायलॉनची पट्टी टाकल्यास ओढण्याचा जोर बराच कमी होतो. ग्रीस मात्र लावू नये, कारण मग भार हवा तेथे थांबत नाही. आणि भार कलला तर त्याला सोडून मागे व्हायचे, हे दोघांनी आधीच ठरवून ठेवावे.

सुटे भाग उघडण्याचे काम लिफ्ट टेबलावरच करता येईल का, असेही तुम्ही विचारले आहे. थोडा वेळ करता येईल, आणि त्यात एक सोय अशी आहे, की कामानुसार उंची बदलता येते: जोर लावायच्या कामासाठी कोपरापेक्षा १५ ते ४० सेंटीमीटर खाली, बारीक जुळणीसाठी कोपराच्या किंचित वर. पण ठोकाठोक किंवा लांब पान्याने आवळणे तेथे करू नये, कारण तो आडवा जोर कात्रीला सोसत नाही. भार वर असताना टेबल ढकलत नेऊ नये. आधी पूर्ण खाली घ्यावे, मग हलवावे. त्यावर माणूस कधीही चढवू नये.

देखभाल फार नाही. तेल उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच घालावे; ब्रेक ऑइल घातल्यास रॅमचे रबरी सील फुगून निकामी होतात. पेडल दाबल्यावर स्पंजासारखे लागत असेल तर तेलात हवा शिरली आहे, असे समजावे. खाली उतरवण्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून रिकाम्या टेबलावर दहा-बारा दाब मारले की बहुधा ती निघून जाते. पिनांना ग्रीस देण्यासाठी किंवा तेल पाहण्यासाठी कात्रीत हात घालायचा असेल, तर फळी रिकामी करून सांगाड्यावरचा आधाराचा दांडा लावावा, आणि तसा दांडा नसेल तर फळी व सांगाडा यांच्यामध्ये जाड लाकूड उभे करावे. पूर्ण भार तेलावर तोललेला असतो आणि तेल अडवणारी वस्तू म्हणजे एक छोटी पोलादी गोळी असते. तिच्या बैठकीवर धातूचा एखादा कीस आला तरी टेबल बसू लागते.

टेबल घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात एक चाचणी करावी. सर्वांत जड गिअरबॉक्स मधोमध ठेवून ते ८५ सेंटीमीटरवर न्यावे, फळीच्या कडेला लागून भिंतीवर किंवा उभ्या फळकुटावर पेन्सिलने रेघ मारावी, सर्वांना लांब ठेवावे आणि एका तासाने पाहावे. एखादा मिलिमीटर फरक चालेल. फळी बोटभर खाली आली असेल, तर हमीच्या काळातच परत देऊन व्हॉल्व्ह बदलून घ्यावा. आणि त्याच रेघेवर तारीख लिहून ठेवली, तर सहा महिन्यांनी पुन्हा तेथेच मोजता येते.