फळाच्या आकारावर संशोधन करायचं असेल तर पदवी कोणती?

बारावी विज्ञान झालेल्या तुमच्या मुलीला फळझाडांच्या जनुकांवर काम करायचंय. बायोटेक्नॉलॉजी घ्यावी की उद्यानविद्या, आणि गणित सोडलं तर चालेल का, असं तुम्ही विचारता. माझं स्पष्ट मत: पदवी उद्यानविद्येची, पदव्युत्तर शिक्षण आनुवंशिकी किंवा पैदासशास्त्राचं. गणित सोडू नये.

फळ किती मोठं होणार हे पेशी किती झाल्या आणि किती फुगल्या यावर ठरतं. सफरचंदात पेशींचं विभाजन बहुतांशी फुलोऱ्यानंतरच्या ३ ते ५ आठवड्यांत उरकतं. पुढे मुख्यतः फुगणं. टोमॅटोतलं 'एफडब्ल्यू २.२' हे जनुक २००० साली ओळखलं गेलं. ते विभाजनाला आवर घालतं. त्याच कुळातली जनुकं चेरीतही आकाराशी जोडलेल्या गुणसूत्रभागांत सापडली. सफरचंदात 'मायक्रोआरएनए १७२' (इतर जनुकांना आवर घालणारा आरएनएचा छोटा तुकडा) जास्त झालं की फळ बारीक राहतं. लागवडीच्या वाणांत त्याच्या जनुकात डीएनएचा एक तुकडा घुसलेला आहे, त्यामुळे ते कमी बनतं.

हे सगळं प्रयोगशाळेत कळतं, पण पडताळावं लागतं बागेतच, आणि नेमकी तिथेच चूक होते. एका झाडावर फळं दाटीने लागली आणि दुसऱ्यावर विरळ, तर वजनातला फरक जनुकांचा नसून भाराचा असतो. म्हणून खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचं झाड) एकाच प्रकारचा हवा, विरळणी (जादा फळं काढणं) सारखी हवी, झाडावरची एकूण फळं आणि बुंध्याचा घेर नोंदवायला हवा, आणि एका हंगामावर विसंबू नये. डीएनएसाठी कोवळं पान घ्यायचं. जून पानातले पॉलिफेनॉल नमुना बिघडवतात. बियांपासून वाढवलेलं सफरचंद फळायला पाच वर्षं किंवा जास्त लागतात, म्हणून पैदासकार रोपावस्थेतच डीएनए मार्कर (एखाद्या गुणाशी जोडलेली डीएनएमधली खूण) तपासून नको ती रोपं काढून टाकतात. मार्कर आणि फळाचं वजन यांचा संबंध खरा की योगायोग, हे संख्याशास्त्राशिवाय सांगता येत नाही. 'आर' ही संगणकभाषा तिने पहिल्या वर्षापासूनच हाताळावी. हे येणाऱ्यांना संशोधन संस्था, बियाणे कंपन्या, रोपवाटिका सगळीकडे मागणी असते.

प्रवेशाआधी एक प्रयोग करू द्या. एकाच वाणाच्या, एकाच वयाच्या सहा कलमांपैकी चिठ्ठ्या टाकून तिनांवर घोसागणिक एकच फळ ठेवायचं, बाकी तिनांना हात लावायचा नाही. प्रत्येक झाडावर दहा फळांना आधीच खुणा करायच्या (नंतर निवडली तर नजर मोठ्या फळांकडे जाते) आणि दर आठवड्याला व्हर्नियर कॅलिपरने व्यास मोजायचा. ही वही हंगामभर तिने कंटाळा न करता भरली, तर प्रवेश घ्यायला हरकत नाही.