ऑपरेटिंग सिस्टीमचा कोर्स: एकच लहान कर्नल, सेमिस्टरभर

पुढच्या सेमिस्टरला ऑपरेटिंग सिस्टीमचा कोर्स पहिल्यांदाच तुमच्याकडे आलाय. चौदा आठवडे, साठेक मुलं, मदतीला दोन सहायक, आणि अभ्यासक्रमात दहा-बारा प्रकरणं. ती कुठल्या क्रमाने घ्यायची, प्रॅक्टिकलला काय ठेवायचं, आणि तयार कोड सगळीकडे मिळत असताना गुण नेमके कशाला द्यायचे, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. हा कोर्स मी बरीच वर्षं शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रकरणांचा क्रम बाजूला ठेवा. प्रोसेस, शेड्युलिंग, सिंक्रोनायझेशन, डेडलॉक, मेमरी, फाइल सिस्टीम असं ओळीने गेलं की प्रत्येक विषय मुलांच्या डोक्यात सुटा सुटा राहतो. वेटिंग टाइमची गणितं बिनचूक सोडवणाऱ्या मुलाला विचारून बघा: एकच सीपीयू आहे, त्यावर यूजरचा प्रोग्राम अखंड लूपमध्ये फिरतोय, मग शेड्युलरचा कोड चालायला लागतो तरी कसा? टायमर इंटरप्ट, म्हणजे घड्याळाने सीपीयूला मध्येच थांबवणं, हे उत्तर येतं. पण इंटरप्ट आल्यावर त्या प्रोग्रामची रजिस्टरं (सीपीयूच्या आतल्या छोट्या जागा) कुठे ठेवली, पेज टेबल (प्रोग्रामचा पत्ता खऱ्या मेमरीत कुठे आहे ते सांगणारं) कधी बदललं, परत त्याच सूचनेवर यायचं कसं, इथे बहुतेक जण अडतात, कारण हे कुणी त्यांना चालताना दाखवलेलंच नसतं. म्हणून माझं ठाम मत आहे की कोर्स एका चालत्या कर्नलभोवती, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याभोवती, बांधावा, आणि ते कर्नल सेमिस्टरभरात पूर्ण वाचून होईल इतकं लहान असावं.

मी एक्सव्ही-६ वापरतो. १९७५च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर एमआयटीत २००६मध्ये ते शिकवण्यासाठीच लिहिलं गेलं. आधी ते इंटेलच्या एक्स८६वर होतं, आता रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेवर आहे. ओळी दहा हजारांच्या आत. स्टॅनफर्डचं पिंटोस हे शिकवण्याचं कर्नलही चांगलं आहे, पण त्यात मुलांना बराच भाग स्वतः रचावा लागतो आणि दोन सहायकांवर साठ मुलांचं पिंटोस निभत नाही. लिनक्स तुलनेपुरतं उघडा. काही कोटी ओळींच्या कोडमध्ये नवखा विद्यार्थी मूळ धागा कधी हरवला हे त्यालाही कळत नाही.

पहिले दोन आठवडे सी आणि हत्यारांना द्या, त्यात कंजुषी नको. कोर्समध्ये मागे पडणारी बरीच मुलं ऑपरेटिंग सिस्टीममुळे नाही तर पॉइंटरमुळे मागे पडतात. पहिल्याच आठवड्यात बिनगुणांची छोटी चाचणी घ्या: लिंक्ड लिस्टमधला नोड काढणं, बिट मास्किंग, पॉइंटरचा पॉइंटर. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी सहायकांचे जादा तास लगेच लावा, कारण चौथ्या आठवड्यानंतर ते मूल हाती लागत नाही. कंपायलर, क्यूएमू (नकली मशीन चालवणारं) आणि जीडीबी (डीबगर) बसवलेलं कंटेनर तुम्हीच तयार करून द्या. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर प्रत्येकाने वेगळं बसवायचं म्हटलं तर दोन आठवडे त्यातच जातात. जीडीबी मात्र सक्तीचं ठेवा. ब्रेकपॉइंट लावून रजिस्टरं पाहण्याची सवय याच टप्प्यावर लागली पाहिजे.

तिसरा आणि चौथा आठवडा एकाच सिस्टीम कॉलचा, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागणीचा. राइट घ्या. यूजर प्रोग्राममधला कॉल असेंब्लीच्या तीन ओळींत जातो: ए७ रजिस्टरमध्ये कॉलचा क्रमांक, मग ईकॉल (कर्नलमध्ये शिरण्याची सूचना), मग परत. ईकॉल झाल्याबरोबर प्रोसेसर सुपरव्हायझर मोडमध्ये जातो, पण पेज टेबल अजून यूजरचंच असतं आणि रजिस्टरांतही यूजरच्याच किमती असतात. हार्डवेअर इथे फारच थोडं करतं. बाकीचं सगळं कर्नलने करायचं, आणि तेही यूजरचं एकही रजिस्टर न गमावता. इथे थांबून वर्गाला विचारा: कुठलं पेज टेबल वापरायचं ते सांगणारं एसएटीपी रजिस्टर बदललं की पेज टेबल बदललं, पत्त्यांचे अर्थ बदलले, मग त्याच्या पुढची सूचना सीपीयूला सापडते कुठे? पाच-दहा मिनिटं शांतता राहू द्या, उत्तर सांगण्याची घाई करू नका. कुणीतरी म्हणतंच की ती सूचना असलेलं पान, म्हणजे मेमरीचा तुकडा, दोन्ही टेबलांत एकाच पत्त्यावर असलं पाहिजे. मग नेमकं तसंच असलेलं ट्रॅम्पोलिन पान उघडून दाखवा. ज्या वर्गाने हे स्वतः शोधलं त्या वर्गाला पुढचा सगळा कोर्स सोपा जातो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. जानेवारी २०१८मध्ये प्रोसेसरमधला मेल्टडाउन हा दोष उघड झाल्यावर लिनक्सनेही कर्नलची बहुतेक पानं यूजरच्या टेबलातून काढून वेगळी का ठेवली, तेही इथेच सांगून टाका. मुलांना आपण शिकतोय ते जिवंत आहे हे कळतं.

या टप्प्यावरची असाइनमेंट: आपल्या प्रोसेसने कुठला सिस्टीम कॉल किती वेळा केला ते यूजरच्या ॲरेत भरून देणारा नवा कॉल. दिसायला सोपी आहे. पण उत्तर यूजरच्या मेमरीत नेताना कॉपीआउट (पत्ता तपासून यूजरच्या मेमरीत लिहिणारं कर्नलचं फंक्शन) वापरावंच लागतं, आणि तपासणीत तुम्ही मुद्दाम भलताच पत्ता द्यायचा. कर्नल कोसळलं तर गुण नाहीत. यूजरकडून आलेल्या पॉइंटरवर विश्वास ठेवायचा नसतो, हे व्याख्यानात दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदा असं कोसळलेलं बरं.

पेज टेबलला अडीच-तीन आठवडे लागतात. सुरुवात फळ्यावरच्या हिशोबाने करा. रिस्क-फाइव्हच्या एसव्ही३९ पद्धतीत आभासी पत्ता ३९ बिटांचा असतो. पान ४०९६ बाइटचं, म्हणजे शेवटचे १२ बिट पानाच्या आतले. उरले २७. एकच सपाट टेबल केलं तर २ चा २७वा घात इतक्या नोंदी, प्रत्येक ८ बाइटची, म्हणजे दर प्रोसेसमागे १ जीबी नुसतं टेबल. हा आकडा मुलांकडूनच काढून घ्या. मग तीन पातळ्या का, आणि प्रत्येक पातळीला ९ बिट का, हे सांगावं लागत नाही: ४०९६ भागिले ८ म्हणजे ५१२ नोंदी, एका पानात नेमक्या मावतात. त्यानंतर चालू प्रोसेसचं पेज टेबल छापणारं फंक्शन त्यांना लिहू द्या, आणि स्टॅकच्या खालचं गार्ड पान (स्टॅक ओसंडला तर पकडणारं) कोणतं ते छापील नोंदींतून ओळखायला सांगा.

मग कॉपी-ऑन-राइट फोर्क. फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढणारा कॉल. सगळ्या सेमिस्टरमध्ये एकच असाइनमेंट ठेवायची म्हटली तर मी हीच ठेवीन. फोर्कच्या वेळी पानं कॉपी करायची नाहीत, दोन्हीकडे फक्त वाचण्यापुरती ठेवायची, लिहायला गेलं की पेज फॉल्ट (हार्डवेअर अडवून कर्नलला बोलावतं), तेव्हा कॉपी. यात ट्रॅप (कर्नलमध्ये शिरणं) येतो, पेज टेबल येतं, पानं वाटणारा भाग येतो, आणि प्रत्येक पान किती जण वापरतायत त्याची मोजणी आली की लॉकही (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) येतं. तीन चुका ठरलेल्या आहेत. मुळातच फक्त वाचण्याचं असलेलं पान कॉपी-ऑन-राइटचं समजून लिहू देणं. मोजणी शून्यावर यायच्या आत पान मोकळं करणं. आणि कॉपीआउट विसरणं. तिसरी सगळ्यांत फसवी. पाइपमधून वाचताना यूजरच्या पानावर कर्नल स्वतः लिहितं, तिथे यूजरचा पेज फॉल्ट येतच नाही, आणि कॉपीआउट लिहिण्याची परवानगी तपासत नसेल तर आई-मुलाचा, म्हणजे मूळ आणि नव्या प्रोसेसचा, डेटा गुपचूप एकमेकांत मिसळतो. याची चाचणी तपासणीत असू द्या, पण आधी जाहीर करू नका.

आठव्या ते अकराव्या आठवड्यात कंकरन्सी, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं. इथे वेळ वाचवू नका, हवं तर बाकी सगळीकडे वाचवा. दोन थ्रेड एकच काउंटर दहा-दहा लाख वेळा वाढवतात, उत्तर वीस लाखांपेक्षा कमी येतं, हा प्रयोग सगळेच दाखवतात. तोच प्रोग्राम मग ऑप्टिमायझेशन चालू करून कंपाइल करा. कंपायलर सगळा लूप एका बेरजेत बसवू शकतो, आणि मग उत्तर जवळजवळ दर वेळी बरोबर येतं. चूक तशीच आहे, फक्त दिसेनाशी झाली. चाचणी पास झाली म्हणजे कोड बरोबर, हा समज इथेच मोडला पाहिजे.

स्पिनलॉक (मोकळं होईपर्यंत फिरत वाट पाहायला लावणारं लॉक) शिकवताना एक प्रश्न हमखास विचारा: लॉक धरलेला असताना त्या सीपीयूवरचे इंटरप्ट बंद का करायचे? एक्सव्ही-६मधलं टिक्सचं, म्हणजे घड्याळाच्या मोजणीचं, लॉक उघडा. ते धरून ठेवलेलं असताना टायमर इंटरप्ट आला आणि त्याचा हँडलरही तेच लॉक मागू लागला, तर तो कायमचा फिरत राहणार, कारण लॉक सोडणारा कोड त्याच सीपीयूवर त्याच्याच खाली अडकलाय. मग स्लीप आणि वेकअप, म्हणजे प्रोसेसला झोपवणं आणि उठवणं. स्लीपला बोलावताना लॉक हातात का असावं लागतं? फळ्यावर दोन रकाने करा, डावीकडे एक सीपीयू, उजवीकडे दुसरा, आणि अट तपासणं व झोपणं यांच्या फटीत वेकअप नेमका येऊन जातो तो क्रम मुलांनाच लिहू द्या. हा हरवलेला वेकअप त्यांनी स्वतःच्या हाताने मांडला नाही, तर कंडिशन व्हेरिएबल (अशाच झोपण्या-उठवण्याचं साधन) पुढे नोकरीतही चुकीचं वापरतील.

कॉन्टेक्स्ट स्विचचं, म्हणजे एका प्रोसेसवरून दुसरीवर जाण्याचं, फंक्शन फक्त चौदा रजिस्टरं साठवतं. बाकीची का नाही, हा चांगला तोंडी प्रश्न आहे. उत्तर कंपायलरच्या कॉलिंग कन्व्हेन्शनमध्ये आहे: उरलेली, ज्याने कॉल केला त्याने आधीच आपल्या स्टॅकवर ठेवलेली असतात. इथली असाइनमेंट म्हणजे मेमरी वाटणारी एकच यादी आणि तिचं एकच लॉक मोडून प्रत्येक सीपीयूला वेगळी यादी देणं. एकाची यादी संपली की दुसऱ्याकडून पानं घ्यायची. इथे दोन सीपीयू आपापलं लॉक धरून एकमेकांचं मागतात आणि मशीन थिजतं. यालाच डेडलॉक म्हणतात, ते प्रकरण त्या दिवशी घ्या. सुरुवातीला क्यूएमूला एकच सीपीयू देऊन डीबग करू द्या, पण सादर करताना किमान तीन.

डेडलॉकमध्ये बँकर्स अल्गोरिदम (मागणी मान्य केली तर डेडलॉक होईल का ते आधी तपासणारा) परीक्षेत असेल तर एक तास द्या. प्रत्येक प्रोसेसची कमाल गरज आधीच माहीत हवी, ही त्याची अट नेहमीच्या सिस्टीममध्ये पाळली जात नाही. खऱ्या कर्नलमध्ये लॉक ठरलेल्या क्रमानेच घ्यायची शिस्त असते, ती शिकवा. शेड्युलिंगची उदाहरणं मुलं घरी सोडवतात. वर्गात मार्स पाथफाइंडर सांगा: १९९७मध्ये मंगळावर उतरलेलं यान पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं, कारण कमी प्राधान्याच्या कामाने धरलेल्या लॉकसाठी जास्त प्राधान्याचं काम अडून राहत होतं आणि मधल्या प्राधान्याची कामंच सीपीयू घेऊन बसत होती. प्रायॉरिटी इनहेरिटन्स (लॉक धरणाऱ्याला तात्पुरतं वरचं प्राधान्य देणं) चालू करून ते दुरुस्त झालं, तेही पृथ्वीवरून. पेज रिप्लेसमेंटला (मेमरी भरल्यावर कुठलं पान काढायचं) बेलेडीची विसंगती पुरे, मेमरी वाढवूनही फॉल्ट वाढतात: १ २ ३ ४ १ २ ५ १ २ ३ ४ ५ या क्रमाला फिफोने (आधी आलेलं आधी काढणं) तीन फ्रेममध्ये, म्हणजे पानांच्या जागांमध्ये, ९ फॉल्ट येतात आणि चार फ्रेममध्ये १०.

फाइल सिस्टीमचे दोन आठवडे लॉगभोवती ठेवा; बदल आधी तिथे नोंदवून मग जागेवर लिहितात. बारा थेट ब्लॉक आणि एका अप्रत्यक्ष ब्लॉकमधले २५६, म्हणून फाइल जास्तीत जास्त २६८ ब्लॉकची, हे पटकन होतं. खरा प्रयोग असा: कॉमिट करणाऱ्या फंक्शनमध्ये लॉगचं हेडर डिस्कवर लिहिण्याआधी एकदा आणि लिहिल्यावर एकदा, ठरावीक वेळी पॅनिक (कर्नल मुद्दाम कोसळवणं) घडवायचं, मशीन पुन्हा सुरू करायचं, आणि फाइल आहे की नाही ते पाहायचं. निकाल काय येईल ते आधी कागदावर लिहून घ्या. त्या एका ब्लॉकच्या लिखाणावर सगळं ठरतं हे मुलांना मनापासून आवडतं.

आता गुण. एक्सव्ही-६ची उत्तरं इंटरनेटवर आहेत आणि कोड लिहून देणारी साधनंही प्रत्येकाकडे आहेत. पहारा ठेवण्यात शक्ती घालवू नका. असाइनमेंटचे निम्मे गुण आपोआप चालणाऱ्या चाचण्यांना आणि निम्मे तोंडी परीक्षेला द्या. जोडीने काम करू द्या, पण तोंडी एकेकट्याची. साठ मुलं, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे दहा तास. तिघांत वाटले की एका आठवड्यात होतात. सेमिस्टरमध्ये तीनदा एवढं करणं झेपतं. प्रश्न व्याख्यांचे नकोत. त्याच्याच कोडमधली एक ओळ झाकायची आणि ती नसेल तर काय होईल ते विचारायचं, किंवा समोर बसून छोटा बदल करायला लावायचा. ज्याने काम केलंय तो चुकला तरी विचार करताना दिसतो, आणि त्या विचाराला गुण द्यायला हात आखडू नका. उशिराचे पाच दिवस प्रत्येकाला सेमिस्टरच्या सुरुवातीलाच देऊन टाका, कसे वापरायचे ते ज्याचं त्याने ठरवावं. रोजच्या विनवण्या थांबतात.

सहायकांनी प्रत्येक असाइनमेंट मुलांना देण्याच्या आठवडाभर आधी स्वतः करायची, आधीचं उत्तर न पाहता. त्यांना जितका वेळ लागेल त्याच्या तिप्पट मुलांना लागेल असं धरून तारीख ठरवा. कॉपी-ऑन-राइटची तारीख दुसऱ्या विषयांच्या मध्यसत्र परीक्षेवर येत नाही ना, ते आत्ताच बघून घ्या. आणि एक्सव्ही-६चा मूळ कोड अधूनमधून बदलत असतो, तेव्हा आज एक आवृत्ती निवडून तिची स्वतःची प्रत करून ठेवा, तुमच्या चाचण्या आणि कंटेनर त्याच प्रतीवर तपासा, आणि सेमिस्टर संपेपर्यंत ती बदलू नका.