हेमाडपंती की हेमाडपंथी?

चाळीसगावच्या एका वाचकाने विचारले आहे: पाटणादेवीच्या रानातल्या महेश्वराच्या देवळाबद्दल लिहायचे आहे, तर ‘हेमाडपंती’ लिहू की ‘हेमाडपंथी’? आणि ते खरेच हेमाडपंताने बांधले का?

लिहा ‘हेमाडपंती’. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दप्तराचा मुख्य मंत्री. हेमाद्रीचा हेमाड झाला, पंडिताचा पंत झाला आणि पुढे ‘ई’ लागली. नाथपंथ, महानुभाव पंथ कानावर असल्याने लोक ‘थ’ लिहून मोकळे होतात. पण हेमाडाने पंथ काढला नव्हता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: नाही. पाटणे गावाजवळच्या त्या देवळातला शिलालेख शके 1075 चा, म्हणजे इ.स. 1153 चा. तिथल्या निकुंभ राजघराण्यातल्या इंद्रराजाने काम काढले आणि त्याचा मुलगा गोवन याच्या काळात ते तडीस गेले. हेमाद्री त्यानंतर शंभरएक वर्षांनी कारभारात आला. जवळच्याच वाघळीचा शिलालेख तर शके 991 चा, म्हणजे त्याहूनही जुना आहे.

मग नाव कशाने चिकटले? बांधणीमुळे. चुना नाही. घडीव दगड एकमेकांत बसतील असे तासायचे, एका दगडाच्या खाचेत दुसऱ्याचे कुसू (पुढे काढलेले टोक) अडकवायचे, वरच्या थराच्या वजनाने खालचा थर दाबून धरायचा. छताला कमान नाही. चौकोनाच्या कोपऱ्यांवर आडवे दगड टाकत पोकळी लहान करत न्यायची आणि शेवटी एका शिळेने झाकायची. ही हातोटी हेमाद्रीच्या कितीतरी आधीची. पण लोकांनी मोडी आणि बाजरीसुद्धा त्याच्याच खात्यावर टाकली, तिथे देवळांचे काय!

म्हणून बांधणी सांगताना हा शब्द खुशाल वापरा, काळ सांगताना नको. ‘बाराव्या शतकातले, हेमाडपंती बांधणीचे शिवमंदिर’ एवढे पुरे.

एक सावधगिरी मात्र हवी. पाटण्यालाच भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. त्यात दान देणाऱ्या सोइदेवाच्या धाकट्या भावाचे नाव आहे हेमाडिदेव. हा निकुंभ राजा. यादवांचा मंत्री वेगळा. लेखात त्याचा उल्लेख येणार असेल तर ‘निकुंभ हेमाडिदेव’ असे पुरते लिहा, नाहीतर देऊळ पुन्हा हेमाडपंताच्या नावावर चढेल.