वाचकांचे प्रश्न : जाडजूड युरोपीय कादंबऱ्या वाचताना

प्रश्न : दस्तयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' वाचतेय. रास्कोलनिकोव्हचा राग येतो, त्याची कीवही येते आणि पुस्तक खाली ठेववत नाही. पण नावांनी जीव मेटाकुटीला आलाय. दुन्या, दुनेच्का आणि अवदोत्या रोमानोव्हना या तीन बायका आहेत की एकच? (सातारा)

उत्तर : एकच. ती रास्कोलनिकोव्हची बहीण. रशियन नावाचे भाग तीन : स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. आपल्याकडेही मधे वडिलांचं नाव असतंच, त्यामुळे ही घडण मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा लवकर कळायला हवी. फरक एवढाच की तिथे वडिलांच्या नावाला मुलासाठी 'ओविच' किंवा 'येविच' आणि मुलीसाठी 'ओव्हना' किंवा 'येव्हना' जोडतात. रोमानचा मुलगा रोदिओन रोमानोविच (हाच रास्कोलनिकोव्ह), मुलगी अवदोत्या रोमानोव्हना. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव मात्र बापाचंच राहतं.

आता हाका. नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारली की त्यात अदब असते. रोद्या, दुन्या, सोन्या ही घरातली, जवळची नावं. 'दुनेच्का' म्हणजे आणखी लाडात. म्हणून नाव बदललं की आधी बोलतंय कोण ते पाहा. आई 'रोद्या' म्हणते आणि तपास अधिकारी पोर्फिरी 'रोदिओन रोमानोविच' म्हणतो. त्याच्या त्या गोडगोड अदबीतच तर सापळा आहे.

वडिलांचं नाव सारखं म्हणजे भावंडंच, असं मात्र धरून चालू नका. दुन्याशी लग्न करायला निघालेला लुझिन हा प्योत्र पेत्रोविच आणि तपास अधिकारी पोर्फिरी पेत्रोविच, पण दोघांचं काही नातं नाही. पोर्फिरीला तर लेखकाने आडनावच दिलेलं नाही. 'इव्हानोव्हना'ही ढीगभर आहेत. सावकारीण आल्योना आणि लिझावेता या सावत्र बहिणी, मार्मेलादोव्हची बायको कातेरिना मात्र त्यांची कोणी नव्हे. हीच कातेरिना घरमालकिणीला मुद्दाम 'अमालिया लुडविगोव्हना' म्हणते, कारण मालकिणीला स्वतःला 'इव्हानोव्हना' म्हणवून घ्यायचं असतं. तेराव्याच्या जेवणासारख्या त्या प्रसंगात बापाच्या नावावरून दोघी जुंपतात. नावांची ही रीत कळलेली नसेल, तर ते भांडण नुसता आरडाओरडा वाटतं.

पुस्तकात खूण म्हणून ठेवायच्या कागदावर सात-आठच माणसं लिहा : पूर्ण नाव, लाडाचं नाव, नातं. सगळ्यांची यादी करायला गेलात तर कादंबरी बाजूला राहील. कागद भरायची जागा म्हणजे पहिल्या भागातलं तिसरं प्रकरण, आईचं लांबलचक पत्र. लुझिन, स्विद्रिगायलोव्ह, दुन्याची नोकरी असा पुढचा सगळा गुंता त्या एका पत्रात आहे, आणि कंटाळून भराभर उलटली जातात ती हीच पानं.

पैशांचे आकडेही टाळू नका. रुबल म्हणजे शंभर कोपेक. पहिल्याच प्रकरणात रास्कोलनिकोव्ह वडिलांचं घड्याळ गहाण टाकतो. सावकारीण दीड रुबल कबूल करते. महिन्याचं व्याज रुबलमागे दहा कोपेक, तेही आगाऊ, म्हणजे पंधरा कोपेक तिथेच कापले. आधीच्या दोन रुबलांच्या कर्जाचे वीस आणखी गेले. हातात पडतात एक रुबल पंधरा कोपेक. महिना दहा टक्के! तो त्या बाईला ऊ का समजतो, याचा हिशेब त्याच्या तत्त्वज्ञानाच्या कितीतरी आधी इथे मांडलेला आहे.

प्रश्न : 'ले मिझेराब्ल' आवडली, पण वॉटर्लूच्या लढाईपाशी गाडी अडली. तो भाग गाळला तर काही बिघडतं का? संक्षिप्त आवृत्ती घ्यावी का? (नागपूर)

उत्तर : गाळा, पण शेवटचं प्रकरण मात्र वाचा. लढाई दुसऱ्या भागाच्या पहिल्या खंडात आहे आणि तिची प्रकरणं एकोणीस. पहिल्या अठरांत ह्यूगो 18 जून 1815चं रणांगण दाखवत हिंडतो. गोष्ट असते ती एकोणिसाव्यात. रात्री प्रेतांच्या अंगावरचं चोरणारा एक माणूस ढिगाऱ्यातून एका अधिकाऱ्याला ओढून काढतो. अधिकाऱ्याला वाटतं, याने आपला जीव वाचवला. तो चोर तेनार्दिए आणि अधिकारी म्हणजे मारियुसचा बाप पोंमेर्सी. पुढे तिसऱ्या भागात मारियुस भिंतीच्या भोकाला डोळा लावून, हातात पिस्तूल घेऊन उभा असतो. पलीकडे दरोडेखोरांनी जाँ व्हालजाँला घेरलेलं असतं. बार काढला की पोलिस आत घुसणार. नेमकं तेव्हाच त्याला कळतं की टोळीचा म्होरक्या तेनार्दिए आहे, ज्याचे उपकार फेडायला बाप मरताना सांगून गेला तोच. बापाचं वचन पाळायचं की समोरच्या माणसाला वाचवायचं? एकोणिसावं प्रकरण वाचलेल्याला त्यातली क्रूर थट्टाही दिसते : उपकार मुळात झालेलेच नाहीत.

बाकी गाळण्याजोगं म्हणजे दुसऱ्या भागाचा सातवा खंड (मठव्यवस्थेवरचं चिंतन) आणि चौथ्या भागाचा सातवा खंड (चोरांची बोली). बोलीची गंमत भाषांतरात निम्मी उडालेलीच असते. नॉर्मन डेनी यांनी 1976च्या इंग्रजी अनुवादात हे दोन्ही खंड पुस्तकाच्या शेवटी नेऊन ठेवले, हा शहाणपणाच म्हणायचा. पाचव्या भागातली पॅरिसच्या गटारांवरची सहा प्रकरणं मात्र चाळून तरी घ्या, कारण लगेच पुढे व्हालजाँ बेशुद्ध मारियुसला पाठीवर घेऊन त्याच गटारांतून जाणार आहे. आणि सुरुवातीची बिशपची चौदा प्रकरणं अजिबात सोडू नका. चांदीच्या भांड्यांचा प्रसंग एवढा मनात उतरतो तो त्यांच्यामुळेच.

संक्षिप्त आवृत्तीत कात्री कुठे लागली हे आपल्याला कळत नाही, हीच तिची अडचण. पूर्ण पुस्तक घेऊन स्वतः गाळलेलं बरं. मराठीत साने गुरुजींचं 'दुःखी' आहे, पण ते अनुवाद म्हणून नव्हे, रूपांतर म्हणून वाचावं.

प्रश्न : 'वॉर अँड पीस'चा फुकट मिळणारा अनुवाद चालेल का? (पुणे)

उत्तर : चालेल. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर लुईझ आणि एल्मर मॉड या दांपत्याचा अनुवाद आहे. दोघे टॉलस्टॉयला ओळखत होते, आणि त्यांची इंग्रजी आजही सरळ वाचली जाते. एकच गोष्ट खटकेल : आंद्रेई तिथे 'अँड्र्यू' होतो, निकोलाय 'निकोलस'. मूळ कादंबरीची सुरुवातच फ्रेंच संवादाने होते, कारण नेपोलियनला शिव्या घालणारे ते उमराव आपापसांत फ्रेंचच बोलतात. हा विरोधाभास पाहायचा असेल तर पेव्हियर आणि व्होलोखोन्स्की यांचा 2007चा अनुवाद घ्या. त्यात फ्रेंच तसंच ठेवून अर्थ तळटीपेत दिलाय. अँथनी ब्रिग्ज यांनी (2005) फ्रेंचचं इंग्रजी केलं आहे. तळटिपांनी डोकं उठत असेल तर तो बरा.

प्रकरणं 361 आहेत, पण बहुतेक चार-पाच पानांची. रोज एक वाचलं तर वर्षात पुस्तक संपतं. उपसंहाराच्या दुसऱ्या भागातली बारा प्रकरणं इतिहासाच्या तत्त्वज्ञानाची आहेत. पात्रांचा निरोप त्याआधीच झालेला असतो, तेव्हा ती सवडीने वाचली तरी चालतं.

प्रश्न : 'डॉन किहोते'मध्ये सांचोचं गाढव मधेच गायब होतं आणि मधेच परत येतं. माझ्या प्रतीत पानं गळली आहेत का? (मडगाव)

उत्तर : प्रत ठीक आहे. 1605च्या पहिल्या आवृत्तीत गाढव चोरीला गेल्याचा प्रसंगच छापला गेला नाही. त्याच वर्षीच्या पुढच्या आवृत्तीत तो घातला, पण काही विसंगती राहिल्याच. तुमच्याकडच्या अनुवादाने कोणता पाठ घेतलाय त्यावर गाढव कुठे दिसतं ते ठरतं. 1615च्या दुसऱ्या भागात सेर्व्हांतेसने याचीही मजा केली आहे. चौथ्या प्रकरणात खुद्द सांचोलाच जाब विचारला जातो, आणि तो म्हणतो की चूक एकतर लिहिणाऱ्याची असेल, नाहीतर छापणाऱ्याची.